औषध प्यायलेल्याला रक्त कशाला?

आमच्याकडे कीटकनाशकाला कीटकनाशक कोणीच म्हणत नाही, औषधच म्हणतात. मोहोराला औषध मारलं, काजूला ढेकण्या आलाय औषध मारायला पाहिजे, कृषी सेवा केंद्रातून औषध आण, आणि घरात काही वाईट घडलं तरी शब्द तोच. तेना औषद घेतल्यान. सांगणाऱ्याचा आवाज ऐकूनच समजतं की हे कुठलं औषध ते. या एका शब्दामुळे कॅज्युअल्टीत किती वेळ जातो बघा, डॉक्टर विचारतो काय घेतलं, घरचे म्हणतात औषध, कुठलं औषध, तर आंब्याचं. आंब्याला मोहोर येण्याआधीपासून फळ काढेपर्यंत पाच-सहा फवारण्या होतात आणि प्रत्येक वेळी डबा वेगळा असतो. आंब्याचं औषध म्हंजे नेमकं काय, हे बागवाल्यालाही कधी कधी दुकानदाराला फोन करून विचारावं लागतं.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. मी कणकवलीकडचा, आणि गेली पंधराएक वर्षं आमच्या भागातल्या रक्तदात्यांची यादी सांभाळतो, आधी वहीत होती आता मोबाईलमध्ये आहे. बाळंतीण, अपघात, डेंग्यू, कोणालाही रक्त लागलं की फोन येतो आणि मी पोरं उठवतो. पुण्य वगैरे काही नाही, सवय झालीय. तर या सवयीतूनच हा लेख आलाय, कारण माझ्याकडे येणाऱ्या फोनांमध्ये एक फोन दर सीझनला ठरलेला असतो, औषध पोटात गेलंय किंवा अंगावर पडलंय, डॉक्टर म्हणतायत रक्त आणा. आणि माझं म्हणणं असं झालंय की यातले बरेचसे फोन यायलाच नको होते.

तीनेक वर्षांपूर्वीचा मार्च. रात्री साडेअकराला फोन. "अण्णानू, आमच्या बागेतल्या गुरख्याच्या अंगार औषद पडला, डॉक्टर सांगतत रगात व्हया, चार पिशये, बी पॉझिटिव्ह." देवगडपासून रत्नागिरीपर्यंत आंब्याच्या बागा आता नेपाळी माणसांच्या जिवावर चालतात हे सगळ्यांना माहीत आहे, राखण तेच करतात फवारणी तेच करतात. या पोराचा सकाळी फवारणीच्या एचटीपी पंपाचा पाइप सुटला आणि औषध छातीवर पाठीवर सांडलं. त्याने टॉवेलने पुसलं आणि काम चालू ठेवलं, उन्हात शर्ट अंगावरच वाळला. दुपारी उलट्या सुरू झाल्या तर सगळे म्हणाले ऊन लागलं, कोकम सरबत दिलं. संध्याकाळी तोंडातून फेस, घाम, डोळ्यातून पाणी, श्वास घरघरतोय, मग गाडी काढली. एका ठिकाणी सलाइन लावून पुढे पाठवलं, दुसऱ्या ठिकाणी पोचला तेव्हा रात्र झालेली, तिथून रक्ताची चिठ्ठी.

चार पोरं उठली. एक तर मासेमारीच्या होडीवरनं दोन तासांपूर्वी उतरलेला, तरी आला. रक्त दिलं, पिशव्या चढल्या, आम्ही चहा पिऊन घरी गेलो, वाटलं आपण काहीतरी केलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याचा भाऊ दुसऱ्या बागेत होता, तो एकटाच होता बघायला.

नंतर मी आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे गेलो. सरकारी नोकरीत जन्म गेलेला माणूस, आता रिटायर, पोफळीची बाग करतात. त्यांना म्हटलं चार पिशव्या दिल्या तरी वाचला नाही. त्यांनी रक्ताबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, "त्याच्या अंगावरचा शर्ट कधी काढला रे?"

मी फोन करून चौकशी केली. शर्ट दुसऱ्या हॉस्पिटलात काढला होता, रात्री दहाच्या पुढे. म्हंजे बारा-तेरा तास विष कातडीतून आत जात होतं, आणि आम्ही वरून रक्त चढवायच्या गोष्टी करत होतो. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो, त्या डॉक्टरांना छळायला लागलो, आणि जे समजलं ते इथे माझ्या भाषेत लिहितोय.

आपल्याकडच्या विषबाधेत जुना आणि मोठा गुन्हेगार म्हंजे ऑर्गनोफॉस्फरस जातीची कीटकनाशकं. आपल्या नसा स्नायूंना निरोप देतात तो अ‍ॅसिटाइलकोलीन नावाच्या रसायनातून, आणि निरोप पोचला की तो पुसून टाकायला एक एन्झाइम असतं, कोलिनेस्टरेज. हे विष त्या एन्झाइमला जाऊन चिकटतं. निरोप पुसला जात नाही, घंटा वाजतच राहते. लाळ गळते, घाम येतो, जुलाब होतात, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, स्नायू थडथड उडतात, आणि सगळ्यात वाईट म्हंजे फुप्फुसात पाणी सुटतं, माणूस जमिनीवर बसल्या बसल्या बुडतो. वर श्वासाचे स्नायू थकून थांबतात.

आता हेच एन्झाइम, म्हंजे त्याचे दोन भाऊ, रक्तातही असतात. एक लाल पेशींवर, दुसरा प्लाझ्मामध्ये, म्हंजे रक्तातल्या पिवळसर पाण्यात. मग कोणालाही वाटणारच की विषाने एन्झाइम मारलं ना, मग चांगल्या माणसाचं रक्त चढवा, नवीन एन्झाइम आत जाईल, ते विषाला पकडेल, प्रश्न मिटला. मलाही पहिल्यांदा ऐकून हे पटलं होतं. वरून लॅबचा रिपोर्टही साथ देतो, प्लाझ्मा दिला की कोलिनेस्टरेजचा आकडा वर जातो, डॉक्टर दाखवतो बघा सुधारणा आहे.

पण आकडा वाढणं म्हंजे काय? माणूस मरतो तो नसा आणि स्नायू जिथे भेटतात तिथे, मेंदूच्या बुडख्याशी, फुप्फुसात. रक्तातलं एन्झाइम हे नुसतं मीटर आहे, आत किती नुकसान झालं त्याचा अंदाज देणारं. बाहेरून आणलेलं एन्झाइम रक्तात ओतलं की मीटर वर सरकणारच. तापाने फणफणलेल्या पोराचा थर्मामीटर झटकला तर पारा उतरतो की नाही, तसं.

आणि हिशोब तर बघाच. हे एन्झाइम विषाला एकास एक पकडतं, एक रेणू विषाचा एक जागा अडवतो, संपलं, ते एन्झाइम पुढे कामाचं नाही. एन्झाइमचा रेणू अवाढव्य, विषाचा चिमुकला. एक लिटर प्लाझ्मात हे एन्झाइम असतं साधारण पाच मिलिग्रॅमच्या आसपास. वजनांचा हिशोब मांडला की एक लिटर प्लाझ्मा मोनोक्रोटोफॉससारखं विष पकडू शकतो ते जेमतेम तेरा मायक्रोग्रॅम. (माझा भाचा केमिस्ट्रीचा बीएस्सी, त्याच्याकडून दोनदा तपासून घेतलं, तो म्हणाला मामा शून्य बरोबर आहेत.) म्हंजे नुसतं एक मिलिग्रॅम विष पकडायला पंच्याहत्तर लिटरच्या वर प्लाझ्मा, पिशवी दोनशे मिलीची धरली तर पावणेचारशेच्या वर पिशव्या. आणि विषबाधेत अंगात गेलेलं विष एका मिलिग्रॅमवर थांबत नाही, पोटातून गेलं असेल तर ग्रॅममध्ये मोजायचं. माझा हिशोब दहा पटीने चुकलाय असं धरा, तरी चार पिशव्यांनी काय होणार? समुद्र उपसायला नारळाची करवंटी.

बरं हा नुसता कागदावरचा हिशोब नाही. तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी २००४ साली एक छोटा अभ्यास छापला, डझनभर रुग्णांना प्लाझ्मा दिला, त्यांना तो आशादायक वाटला. मग वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलात नीट चाचणी झाली, २०१० ला छापून आली. साठ रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट, एकाला प्लाझ्मा, एकाला अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन), एकाला साधं सलाइन. प्लाझ्मावाल्यांचा एन्झाइमचा आकडा वाढला. माणसं काही जास्त वाचली नाहीत, व्हेंटिलेटरही कमी लागला नाही. चीनमध्ये ताज्या लाल पेशी दिल्यावर फायदा दिसल्याचे अहवाल आहेत, जुन्या साठवलेल्या नव्हे, ताज्या. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण छोट्या अभ्यासांवरून मोठी प्रॅक्टिस उभी राहू नये एवढंच.

आणि रक्त देणं हे नारळपाणी देण्यासारखं निरुपद्रवी नाही. ज्याची फुप्फुसं आधीच पाण्याने भरलीत त्याच्या अंगात आणखी लिटरभर द्रव ओतायचा, वर रक्त-प्लाझ्मामुळे फुप्फुसाला सूज येण्याची रिअ‍ॅक्शन हा माहीत असलेला धोका आहे, अ‍ॅलर्जी आहे, चुकीच्या ग्रुपची भीती आहे. 'देऊन तर बघू, नुकसान काय' हे वाक्य इथे चालत नाही.

मग वाचवतं काय? अ‍ॅट्रोपिन. जुनं, स्वस्त, कंटाळवाणं औषध, कुठल्याही कंपनीचा एमआर त्याची जाहिरात करायला दवाखान्यात येत नाही. ते घंटा बंद करत नाही, घंटेचा आवाज फुप्फुसापर्यंत जाऊ देत नाही. पण ते द्यायची एक पद्धत आहे आणि सगळं तिथे अडतं. आपल्याकडची अँप्युल ०.६ मिलिग्रॅमची. सुरुवातच तीन ते पाच अँप्युलने करायची, पाच मिनिटांनी फुप्फुस ऐकायचं, घरघर तशीच असेल तर डोस दुप्पट, परत पाच मिनिटांनी दुप्पट. तीनने सुरू केलं तर तीन, सहा, बारा, चोवीस, म्हंजे पहिल्या पंधरा मिनिटांतच पंचेचाळीस अँप्युल. (हे सगळं डॉक्टरचं काम, घरी कोणी प्रयोग करायचे नाहीत.) तुमच्या गावच्या पीएचसीत, म्हंजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, एका वेळी पंचेचाळीस अँप्युल असतात का? मी आमच्या आजूबाजूला सहज विचारून बघितलं, एकाने सांगितलं दहा आहेत, एकाने कपाटाची किल्ली शोधायला घेतली.

बांगलादेशात चितगावला याच गोष्टीची चाचणी झाली, २०१२ ला छापली. औषध दोन्हीकडे तेच अ‍ॅट्रोपिन, फक्त एका गटाला जुन्या पद्धतीने थांबून थांबून, दुसऱ्याला असं भराभर वाढवत आणि मग ड्रिपमधून चालू ठेवत. जुन्या पद्धतीत शंभरातले साडेबावीस गेले, नव्या पद्धतीत आठ. नवीन मशीन नाही, परदेशी इंजेक्शन नाही, फक्त कोणीतरी खाटेजवळ घड्याळ घेऊन उभं राहिलं. मला हा आकडा वाचून त्या पोराचा शर्ट आठवला.

पॅम नावाचं दुसरं इंजेक्शन आहे, प्रॅलिडॉक्सिम. त्यावर डॉक्टरांमध्येच भांडण आहे. आपल्या बारामतीत २००६ ला झालेल्या चाचणीत भरपूर डोस सतत दिल्यावर चांगला फायदा दिसला, मग श्रीलंकेत २००९ ला दुसऱ्या चाचणीत दिसला नाही. ते भांडण त्यांनी मिटवावं, मी त्यात पडत नाही.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. पहिला दिवस पार पडला, पेशंट बोलायला लागला, चहा प्यायला, नातेवाईक म्हणतात आता घरी नेतो, बिल वाढतंय. आणि एक ते चार दिवसांच्या मध्ये अचानक श्वास थांबतो. याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात, १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या दोन डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट मांडला. त्याची पहिली खूण काय तर पेशंटला उशीवरून मान उचलता येत नाही. बस. नर्सने दर दोन-तीन तासांनी म्हणायचं, दादा मान उचला बघू. याला पैसे पडत नाहीत. मान उचलली नाही की व्हेंटिलेटर तयार ठेवायचा. व्हेंटिलेटर मात्र पाहिजे आणि तो चालवणारा माणूस पाहिजे, कोविडात आलेली मशीनं कुठे कुठे चादर पांघरून उभी आहेत ती मी स्वतः बघितलीत.

आता कोणी म्हणेल हा माणूस रक्ताच्याच विरोधात गेला. अजिबात नाही. विषांमध्येही जाती असतात. उंदराच्या ज्या औषधांनी रक्त गोठायचं थांबतं, हिरड्यांतून लघवीतून रक्त यायला लागतं, तिथे व्हिटॅमिन के आणि रक्तस्राव जोरात असेल तर प्लाझ्मा हा बरोबर इलाज आहे, कारण तिथे रक्तातलाच माल कमी पडलेला असतो आणि प्लाझ्मातून तोच माल मिळतो. काही विषांनी रक्त चॉकलेटी पडतं, ऑक्सिजन वाहून नेत नाही, त्यावर मिथिलीन ब्लू चाललं नाही किंवा देता येत नसलं तर रक्त बदलावं लागतं. तिथे मी मध्यरात्री धावेन. म्हणूनच तर डबा सोबत न्या म्हणतो, डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो, लाल पिवळा निळा हिरवा, लाल सगळ्यात जहाल, आणि खाली विषाचं खरं नाव आणि उतारा छापलेला असतो. 'आंब्याचं औषध' या दोन शब्दांवरून कुठलाच डॉक्टर ठरवू शकत नाही की रक्त लागणार की नाही. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधा माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७, डॉक्टरही तिथे विचारू शकतात.

मग रक्ताची चिठ्ठी येते तरी का? मी यावर बराच विचार केला. मला वाटतं यात डॉक्टरची लबाडी कमी आणि बिचारेपणा जास्त असतो. रात्री एकटा मेडिकल ऑफिसर, बाहेर पन्नास माणसं जमलेली, सरपंच, बागमालक, कोणीतरी मोबाईलवर शूटिंग करतोय. त्यांना 'मी दर पाच मिनिटांनी फुप्फुस ऐकतोय' असं सांगितलं तर कोणाला ते उपचार वाटतील? रक्त आणा म्हटलं की गर्दी पांगते, गाड्या सुटतात, सगळ्यांच्या हाताला काम मिळतं. रक्ताची पिशवी दिसते, लाल असते, थेंब थेंब जाताना मोजता येते, काहीतरी मोठं चाललंय असं वाटतं. आणि पेशंट गेला तर नंतर कोणी म्हणत नाही डॉक्टरने काही केलं नाही, रक्तसुद्धा चढवलं म्हणतात. आमच्यासारखे यादीवाले या खेळात आनंदाने सामील असतो, कारण आम्हाला पण उपयोगी पडल्यासारखं वाटतं. मी त्यात होतोच.

पण त्या चार पिशव्या कुठून येतात याचा विचार करा. फवारणीचा सीझन डिसेंबर ते एप्रिल, रक्ताचा दुष्काळ एप्रिल-मे, कॉलेजं बंद, पोरं मुंबईला. मे मध्ये चाकरमानी आले की एखादं शिबिर लागतं तेवढंच. लाल पेशींची पिशवी पस्तीस-बेचाळीस दिवस टिकते, प्लेटलेट पाच दिवस. कोकणात रक्तपेढ्या किती लांब लांब आहेत आणि रस्ते कसे आहेत ते सांगायला नको, सिंधुदुर्गातला गंभीर पेशंट एक तर गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात नाहीतर घाट चढून कोल्हापूरला. त्या रात्री बी पॉझिटिव्हच्या चार पिशव्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाळंतिणीसाठी फोन आला, ग्रुप तोच. मिळालं, सुदैवाने मिळालं, पण माझ्या यादीतली जवळची नावं संपली होती आणि मी मालवणच्या एकाला उचलून आणलं.

कोणी असंही म्हणेल की पुरावा नाही पुरावा नाही म्हणून बसलात तर नवीन काही सापडणार कसं. बरोबर प्रश्न आहे, आणि याचं उत्तर आपल्या कोकणातच आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचू चावलेली माणसं पटापट जायची, तेव्हा झोपेची-अ‍ॅलर्जीची औषधं एकत्र करून द्यायचे, जो तो आपल्या अंदाजाने. बावस्कर पेशंटच्या उशाशी बसून राहिले, बीपी, नाडी, घाम, हातपाय गार कधी पडतात सगळं लिहून काढलं, १९८२ ला लॅन्सेट या डॉक्टरांच्या मोठ्या मासिकात छापलं, मग ब्लडप्रेशरची साधी गोळी प्राझोसिन वापरून बघितली आणि तेही आकड्यांसकट मांडलं. मृत्यूचं प्रमाण एकेरी आकड्यात आलं. आणि तिथेही थांबले नाहीत, पुढे विंचवाच्या विषावर उतारा म्हणून लस आली तेव्हा प्राझोसिनबरोबर ती दिली तर काय फरक पडतो याची रीतसर चाचणी करून २०११ ला बीएमजे या तसल्याच दुसऱ्या मासिकात छापली. २०२२ ला पद्मश्री मिळाली. तेव्हा खेड्यात बसून नवीन उपचार शोधता येत नाही असं कोण म्हणतंय? ताज्या लाल पेशींनी फायदा होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी चार-पाच जिल्ह्यांची हॉस्पिटलं एकत्र घ्यावीत, एथिक्स कमिटीची परवानगी घ्यावी, पेशंटच्या घरच्यांना सांगून सवरून चाचणी करावी. मी स्वतः त्यासाठी दाते गोळा करून देईन, ताजं रक्त पाहिजे ना, आमची पोरं ताजीच आहेत. पण आत्ता जे चाललंय त्यात पिशव्या जातात, माणसं जातात, आणि शिकत कोणीच काही नाही, कारण कुठल्या पेशंटला काय दिलं आणि पुढे काय झालं हे कोणी लिहूनच ठेवत नाही.

आणि या सगळ्याच्या अलीकडे एक गोष्ट आहे ती म्हंजे डबा दुकानात येतोच का. श्रीलंका बघा, आपल्यासारखाच देश, नारळ, भात, पाऊस, समुद्र. तिथे १९९५ ला सगळ्यात जहाल गटातली उरलेली कीटकनाशकं बंद केली, १९९८ ला एंडोसल्फान. पुढच्या वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण साधारण सत्तर टक्क्यांनी खाली आलं, आणि भाताचं उत्पन्न काही बुडालं नाही. कुठल्याही आयसीयूने एवढी माणसं वाचवली नसतील. आपल्याकडे एंडोसल्फान बंद झालं ते केरळातल्या कासरगोडच्या काजूबागांतली लोकं वर्षानुवर्षं लढल्यावर, २०११ ला, सुप्रीम कोर्टातून. बिहारात छपऱ्याजवळच्या शाळेत २०१३ ला मध्यान्ह भोजनातून मोनोक्रोटोफॉस पोटात जाऊन तेवीस मुलं गेली, तरी त्याची नेहमीची बाटली बंद व्हायला २०२३ उजाडलं. २०१७ ला यवतमाळला फवारणी करताना वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात, तेव्हा आपण कोकणवाले म्हणालो तो विदर्भाचा कापसाचा प्रश्न. २०१८ ला अठरा कीटकनाशकांवर बंदीचा आदेश निघाला, काही लगेच, काही २०२० च्या शेवटी. चांगलंच झालं. पण त्याच जातीतली बाकीची आहेतच, आणि पडवीत खताच्या गोणीमागे जुने डबे कोणाकडे नाहीत ते हात वर करा.

बागायतदार म्हणतील औषध नाही मारलं तर तुडतुडा मोहोर ठेवणार नाही. माझ्याही चाळीस कलमं आहेत, मला सांगू नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक दरवर्षी निघतं, त्यात कुठल्या फवारणीला काय आणि किती ते लिहिलेलं असतं. आपण मात्र शेजाऱ्याने काय मारलं ते बघून त्यात आणखी एक मिसळतो. आणि मारणाऱ्याला हातमोजे नाहीत, एप्रन नाही, तोंडाला टॉवेल. बागेत साबण आणि पाण्याचं एक पिंप नाही. औषध अंगावर सांडलं तर कपडे काढ आणि साबणाने धू, मग बाकीचं, हे एक वाक्य नेपाळीत लिहून पंपावर चिकटवायला किती खर्च येतो?

ज्यांनी स्वतःहून घेतलं त्यांच्याबद्दल एवढंच, की पोलीस केस होईल म्हणून घरचे दोन-दोन तास लपवतात आणि तेच दोन तास जिवाचे असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असं गृहीत धरलंय की तो माणूस तीव्र ताणाखाली होता, त्याला शिक्षा करायची नाही, सरकारने त्याची काळजी घ्यायची. एमएलसी, म्हंजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद, हा हॉस्पिटलचा कागद आहे, तो होऊ दे, माणूस आधी आत न्या. आणि घरात कोणी गप्प गप्प झालं असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीतून बोलता येतं.

मी माझ्यापुरतं एक केलंय. आता विषबाधेचा फोन आला की लगेच पोरं उठवत नाही, आधी चार गोष्टी विचारतो. डबा हातात आहे का, कपडे काढून अंग धुतलं का, अ‍ॅट्रोपिन सुरू झालं का, आणि रक्त कशासाठी लिहिलंय. पहिल्या पहिल्यांदा लोकं चिडली, एक जण म्हणाला काका तुम्ही डॉक्टर कधीपासून झालात. एका हॉस्पिटलातून मला निरोप आला की यादीवाल्याने यादी सांभाळावी. बरोबर आहे त्यांचं, मी चिठ्ठी नाकारू शकत नाही आणि नाकारतही नाही, डॉक्टर हो म्हणाला तर पोरं जातात. फक्त प्रश्न विचारले जातात, आणि दोनदा असं झालंय की प्रश्न विचारल्यावर पंधरा मिनिटांनी परत फोन आला, राहू दे, आत्ता गरज नाही.

गेल्या महिन्यात रात्री एकला परत वाजला. वैभववाडीकडची मुलगी, औषध घेऊन चार दिवस झालेले, घरी कोणाला सांगितलंच नव्हतं, आता हिरड्यांतून रक्त थांबत नाही. मी विचारलं कुठलं औषध. बापाने डब्यावरचं नाव अक्षर अक्षर लावून वाचून दाखवलं, उंदराचं. व्हिटॅमिन के चालू आहे का, चालू आहे. मग मी पुढे काही विचारलं नाही, दोन पोरांना गाडीवर घातलं. प्लाझ्मा रक्तपेढीत होता, गोठवलेला, तो वितळायला अर्धा तास लागतो म्हणून बदली रक्त देऊन झाल्यावर पोरं एसटी स्टँडवर अंडाभुर्जी खात बसली आणि मला फोन करून विचारत होती, अण्णा, आता घरी जाऊ की थांबू.